हिंगाच्या डबीतले छर्रे

नीला : हळू हो भावजी, चपला घासत येऊ नका, आत ऐकू जातं. आणि हे काय, परत खाडीचे मासे, निवट्या? परवाच्या अजून फ्रीजमध्ये तशाच आहेत. तुम्ही आणायच्या, मी राख लावून साफ करायच्या, आणि खायच्या कोणी? मी एकटीनं?

दामाजी : सुनेनं पिशवी हातात दिली ना. वर्षाली बोल्ली, काकांना निवट्यांचं कालवण लय आवडतं. मी काय नाय बोलू तिला?

नीला : वर्षालीच्या काकांना काल दोन चमचे पेज गेली. तीसुद्धा क्रिकेटचा स्कोअर सांगत सांगत भरवली तेव्हा.

दामाजी : दोन तरी गेली ना.

नीला : मी त्यांना तीन म्हणून सांगितलं.

दामाजी : तीनच बोलायचं. आन् काल डॉक्टर काय बोल्ला, वयनी?

नीला : निवट्या ओट्यावर ठेवा. तिथे नको, सिंकमध्ये ठेवा, पाणी गळतंय.

दामाजी : वयनी.

नीला : म्हणाले, खावंसं वाटेल ते द्या. पथ्य नको आता कसलं.

दामाजी : म्हंजे बरं हाय ना? पथ्य सुटलं म्हंजे बरंच हाय.

नीला : हात पुसा. तो टॉवेल नको, तो त्यांचा आहे. आणि आत काय सांगायचं ते लक्षात आहे ना? पोटातली गाठ अर्धी झाली.

दामाजी : मागच्या रईवारी पाव कमी झाली बोल्लेलो.

नीला : म्हणून आज अर्धी. अर्धीच्या पुढे एक शब्द नको. तुमचं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही.

त्र्यंबक : दाम्या! स्वयंपाकघरात कुजबुज संपली असेल तर आत ये. का मी येऊ तिकडे?

दामाजी : आयलो, आयलो! पडून राव तू.

त्र्यंबक : पडूनच आहे. बस. खुर्चीवर नको, पलंगावर बस, जवळ. वास कसला येतोय? निवट्या?

दामाजी : ताज्या. सकाळच्या ओहोटीच्या.

त्र्यंबक : वा. नीला, आंबट घाल जरा. कोकम नको, चिंच.

नीला : घालते. खाणार आहात का पण?

त्र्यंबक : वास घेईन. दाम्या, मला उशाला टेकवून बसव. अस्सं. आता ऐक, खालची सोसायटीतली पोरं काल आलेली भेटायला. सम्यक म्हणून आहे एक, आठवीतला. त्याने भिंतीवरची दुनळी बंदूक बघितली, म्हणाला, आजोबा, तुम्ही खरंच मारलंय कोणाला? मग सांगितला तो थवा.

दामाजी : सांगितलास? पूर्ण?

त्र्यंबक : अगदी बैजवार. पहाटेची वेळ, ओहोटी लागलेली. धुकं असं की तुझ्या विडीचं टोक तेवढं दिसत होतं. आणि दीडशे पावलांवर बदकं उठली.

नीला : गेल्या रविवारी एकशेवीस पावलं होती.

त्र्यंबक : गेल्या रविवारी मला ताप होता. मोजताना चुकलो.

दामाजी : दीडशेच. मी सोता चिखलातून गेलेलो पाखरां आनायला. एक पाऊल कमी नाय.

नीला : धुक्यात, दीडशे पावलांवर. आणि चष्म्याच्या काचेवर दव.

त्र्यंबक : शिकाऱ्याला दिसावं लागत नाही, नीला. त्याला कळतं. उजव्या नळीनं चार पाडली, डाव्या नळीनं पाच.

नीला : नऊ? अहो, सहा होती. माझ्या हातांनी सोललीत मी.

दामाजी : तीन पान्यात गेली वयनी. वाहून.

त्र्यंबक : हेच. हेच सांगितलं मी त्या सम्यकला. तीन वाहून गेली. पोराचे डोळे हे एवढे झाले.

नीला : शाबास. पुढच्या रविवारी वाहून गेलेली पाच होतील.

त्र्यंबक : तुझ्या भावापेक्षा बरा आहे मी. गोविंदादादाचं डुक्कर आठवतं का रे? मुरबाडच्या रानातलं?

दामाजी : नाय आठवणार! उजव्या डोल्यात गोली शिरली, डाव्या डोल्यातून निघाली, आन् मागं दुसरं डुक्कर उभं होतं, त्याच्या कपालात!

त्र्यंबक : आणि तिथून पुढे जाऊन फणस पडला. कल्याणला बारा घरी फणसाचे गरे वाटले त्याने, पुरावा म्हणून.

नीला : माझ्या भावाचं नाव नका काढू हं. वर जाऊन दहा वर्षं झाली त्याला.

त्र्यंबक : म्हणूनच काढतो. भेटलो की विचारणार आहे, फणस कापा होता की बरका.



नीला : पाणी देऊ का तुम्हाला?

त्र्यंबक : नको. घाबरू नका दोघं. गंमत केली. दाम्या, यंदा पाखरं कधी येतील?

दामाजी : येतील ना. दिवाली झाली की. आता बदकां कुठं रायली रे, आता लाल पाखरां येतात, लंब्या पायांची. लोक होडीत बसून फोटो काढतात. आमचा पोरगा सुदेशच नेतो त्यांना, रईवारी चार-चार फेऱ्या.

त्र्यंबक : मला नेशील?

दामाजी : तुना नाय नेनार तर कोनाला! होडीत खुर्ची बांधतो. उशी आनतो. वयनींना पन घेऊ, छत्री धरायला.

त्र्यंबक : दिवाळी झाली की.

दामाजी : झाली की लगेच. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी.

त्र्यंबक : ऐकलंस नीला? भाऊबीज झाली की. आपल्या अनिमेषचा फोन आलेला ना सकाळी?

नीला : तुम्ही झोपला होतात. मेलबर्नला आता दुपार झाली असेल, परत करेल.

त्र्यंबक : काय म्हणाला?

नीला : तिकीट पक्कं झालं म्हणाला. बावीस डिसेंबर. ऋजुताची शाळा सुटली की तिघं येतात. सूनबाईला, प्राप्तीला म्हणे नाताळाची सुट्टी जोडून मिळतेय.

त्र्यंबक : बावीस डिसेंबर. आणि तू काय सांगितलंस त्याला?

नीला : काय सांगणार? सुधारतंय म्हटलं. हळूहळू आहे, पण सुधारतंय.

त्र्यंबक : गाठीचं?

नीला : ते तुम्हाला सांगितलं ना काल. रिपोर्टमध्ये...

दामाजी : अरे, गाठ कुठं रायली आता! वयनी बोल्ल्या ना मना. वाटान्याएवढी! आजून पंधरा दिवसांत तीबी विरघलून जाईल. डॉक्टरच चकित झाला, बोल्ला असा पेशंट बगितला नाय!

नीला : भावजी!

त्र्यंबक : थांब. बोलू दे त्याला. वाटाण्याएवढी?

दामाजी : म्हंजे... मोठा वाटाना. चवळीपेक्षा मोठा.

त्र्यंबक : हसवू नकोस, पोटात दुखतं. नीला, हात दे. नको, पाणी नको, हात दे फक्त. हां... दाम्या, तू मला थापा शिकवतोस? मला? अरे, थापेत एवढी मोठी उडी नसते घ्यायची. पाव, मग अर्धी, मग निदान एक रविवार अर्धीवरच राहायचं. एकदम वाटाणा केलास की समोरचा ओळखतो.

दामाजी : मी काय थापा मारत नाय.

त्र्यंबक : नीला, जा आणि मांडणीवरची हिंगाची डबी आण.

नीला : हिंग कशाला आता? पोट फुगलंय का?

त्र्यंबक : रोजच्या फोडणीची नको. मागची. गुलाबी झाकणाची, पितळी, कुंकवाच्या करंड्यामागे असते ती.

नीला : आधी निवट्या साफ करते.

त्र्यंबक : जा ना.

नीला : तुम्हाला कशी ठाऊक ती डबी?

त्र्यंबक : अनिमेष दोन महिन्यांचा होता. पोट दुखून रडायचा रात्रंदिवस. तू माहेरी फोन करायला वाण्याकडे गेलेलीस. मी त्याच्या बेंबीला लावायला हिंग शोधायला गेलो. ती डबी उघडली. आत हिंग नव्हता.

दामाजी : मंग काय होतं?

त्र्यंबक : छर्रे. बंदुकीचे छर्रे. वास मात्र हिंगाचा. झाकण लावलं आणि होती तिथे परत ठेवली.

नीला : बेचाळीस वर्षं झाली. आणि तुम्ही कधी एक शब्द...

त्र्यंबक : तू तरी कुठे बोललीस? आण ना गं. दाम्याला दाखवू.

दामाजी : कसले छर्रे, वयनी? मना काय समजंना.

नीला : ही घ्या. भावजी, हसू नका हं तुम्ही. त्या दिवशी ती सहा बदकं तुम्ही दोघांनी घरी आणलीत ना, मी सोलायला बसले. आमच्या घरात शिकार आली की सासूबाई पहिल्यांदा छर्रे काढायच्या, दातांखाली येऊ नयेत म्हणून. मी सहाच्या सहा उलटीपालटी केली. एक छर्रा नाही. एक भोक नाही. माना मात्र पिरगळलेल्या.

दामाजी : आई एकवीरे.

नीला : आणि दुपारी दादा जेवायला येणार. कल्याणहून निघालेला. तो काय सोडतोय? पहिला घास घेतला की विचारणार, त्र्यंबकराव, छर्रा कुठाय? खिडकीत वाटी होती, छर्रे भरलेली. हे काडतुसं घरीच भरायचे ना, पितळी. मला वाटलं, भरून उरलेत. त्यातला एक घेतला आणि दादाच्या ताटातल्या तुकड्यात खुपसून ठेवला. बाकीचे या डबीत लपवले.

त्र्यंबक : आणि गोविंदादादाची दाढ!

नीला : कपचा उडाला दाढेचा. कळवळला बिचारा. पण त्या दिवसापासून सगळ्या कल्याणात सांगत सुटला, त्र्यंबकचा नेम म्हणजे नेम, माझ्या दाढेला विचारा.

दामाजी : वयनी, म्हंजे तुमाला ठाव होतं? तवापासून?

नीला : बदकं पिरगळून मारलीत एवढं ठाऊक होतं. कशी ते नव्हतं.

दामाजी : जाळ्यात. खाडीत तिवरांच्या झाडांमागं खुंट ठोकून जाळं लावलेलं, शनवारी सांच्याला. पाखरां पहाटे खालून येतात, अडकतात. यो इकडं बार काढायचा, मी तिकडं माना मोडून घेऊन यायचो. याला चिखलात पाय टाकता येत नव्हता, म्हनून समजलं नाय. तिरमक, मना माफ कर. मी मुद्दाम तुना फसवला नाय.

त्र्यंबक : मी फसलो कुठे?

दामाजी : म्हंजे?

त्र्यंबक : ती वाटी. खिडकीतली. ते उरलेले छर्रे नव्हते रे. सगळेच होते. मी आदल्या रात्री काडतुसं भरली तेव्हा दारू घातली, बूच घातलं, आणि छर्रे घालायला विसरलो. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. घरी आलो, हात धुवायला गेलो, बघतो तर वाटी भरलेली. नुसत्या आवाजावर सहा पाखरं पाडलेली मी.

नीला : अगं बाई.

त्र्यंबक : म्हटलं, दाम्यानं काहीतरी केलंय. जेवायला बसलो तोवर वाटी गायब. आणि छर्रा दादाच्या दाढेखाली. जो छर्रा बंदुकीत गेलाच नव्हता, तो बदकातून निघाला. मग कळलं, हिनेही काहीतरी केलंय.

दामाजी : आन् तू त्याच्यानंतर सहा वर्सं, दर हिवाल्यात, माज्यासंगं यायचास. बार काढायचास.

त्र्यंबक : नुसत्या दारूचे. छर्रे पुन्हा कधी भरलेच नाहीत. तू तिवरांत असायचास, उगाच तुला लागला असता एखादा.

दामाजी : अरे माज्या देवा! आन् मी तिकडं सहा वर्सं दर बाराला चिखलात आडवा पडायचो, डोक्यावर टोपली घेऊन! माजी बायको विचारायची, पाखरां मारायला जाता का म्हशीवानी लोलायला!

त्र्यंबक : भागीरथीला सांगितलं नाहीस कधी?

दामाजी : कोनाला नाय सांगितलं. मरेपर्यंत तिला वाटायचं, तुज्यासारखा नेम कोनाचा नाय.

नीला : पण का केलंत तसं, भावजी? इतक्या वर्षांत विचारलं नाही मी.

दामाजी : सांगू काय, तिरमक?

त्र्यंबक : सांग. आज सगळंच काढून ठेवतोय.

दामाजी : त्या वर्साला क्षिप्रा गेली ना, वयनी. अकरा महिन्यांची पोर. याने बोलनंच टाकलेलं. मी तीन रईवार याला होडीत घालून नेला, बोल्लो वारा लागंल. यो बार काढायचा, पाखरां उडून जायची. मंग बंदूक मांडीवर घेऊन बसायचा. पान्याकडं बगायचा नाय, नळीकडं बगायचा. मना भ्या वाटलं. बोल्लो, याच्या हाताला काय तरी लागलं पायजे. आता, या रईवारी. नायतर एक दिस यो घरी येनार नाय.

नीला : मला कोणी सांगितलं नाही.

त्र्यंबक : तुला काय सांगणार होता तो.

नीला : तुम्ही दारात उभे होतात. दोन्ही हातांत पाखरं. म्हणालात, नीला, मसाला वाट. पाच महिन्यांनी माझं नाव घेतलंत तुम्ही. मी मसाला वाटायला बसले आणि मागून तुमचा आवाज, भावजींना सांगत होतात, चाळीस पावलं होती रे, चाळीस तरी. मी म्हटलं, चारशे म्हणू दे. माना पिरगळलेल्या असू दे, नाहीतर काही असू दे. हा माणूस बोलतोय.

त्र्यंबक : म्हणून मीही मग गप्प बसलो. वाटी बघितली तेव्हा आधी राग आला, खोटं नाही सांगत. मग बघितलं, दाम्या अंगणात पाय धूत होता आणि तू पाट्यावर गुणगुणत होतीस. म्हटलं, या दोघांनी एवढं केलंय तर आपण नेमबाज होऊन टाकू. काय बिघडतं?

दामाजी : आन् पावलां वाढवत गेलास.

त्र्यंबक : तुम्ही वाढवू दिलीत.

नीला : समोरच्या एसटी डेपोतली बाई बघा, अजून तीच शहापूरची गाडी पुकारतेय. अर्धा तास झाला. मी निवट्या बघते, वास सुटेल.

त्र्यंबक : बस, नीला.

नीला : खराब होतील हो.

त्र्यंबक : बस इथे. तुम्ही दोघांनी परत जाळं लावलंय. मला काय कळत नाही? मी इथे पडल्या पडल्या विचारतो, कसंय रे. आणि तुम्ही मागच्या मागे माना मोडून एकेक रिपोर्ट माझ्या हातात आणून देता. पाव कमी. अर्धी. वाटाणा. रक्त तपासायला येणारा मुलगा, विकी, पंधरा दिवसांत फिरकला नाही. गोळ्या सातच्या तीनवर आल्या. पथ्य काल सुटलं. मी सोललंय सगळं, नीला. एकही छर्रा नाही आत.

दामाजी : तिरमक, तसं नाय रे...

त्र्यंबक : माझ्यापुरतं असतं तर चाललं असतं. मागे चाललंच की. मी म्हटलं असतं, वाटाणा, छान, दिवाळी झाली की होडीत. तुम्ही खूश, मी खूश. पण आता त्यात अनिमेष आहे. तो बावीस डिसेंबर धरून बसलाय तिकडे. त्याला वाटतंय, बाप सुधारतोय.

नीला : त्याला त्रास होईल. आपलं कोणी नाही तिकडे. नोकरी, ऋजुताची शाळा...

त्र्यंबक : क्षिप्राच्या वेळी मी कुठे होतो?

नीला : नका ना.

त्र्यंबक : नाशिकला. ऑडिटला. तुझी तार आली, मुलगी आजारी, काळजी नको. काळजी नको लिहिलेलंस. मी दोन दिवसांनी निघालो. सगळं काम आवरून, चिवड्याची पुडी घेऊन.

नीला : मला वाटलं, उतरेल ताप. मला वाटलं, उगाच तुम्ही धावत...

त्र्यंबक : ठाऊक आहे. तेव्हाही तुला कधी बोललो नाही, आजही बोलत नाही. पण माझ्या पोराला चिवड्याची पुडी घेऊन रिकाम्या घरात यायला लावू नकोस.

दामाजी : वयनी, रडू नका. तिरमक, तू पन जरा...

त्र्यंबक : दाम्या, तो फोन दे तिच्याकडे. लावून दे. अनिमेषचं नाव पहिलंच आहे.

दामाजी : मना लावता येतो काय रे यो! सुदेश लावून देतो मना.

नीला : द्या इकडे. मी लावते.

त्र्यंबक : स्पीकरवर नको टाकूस. तुझं तू बोल. आणि नीला...

नीला : काय?

त्र्यंबक : पावलं नीट मोज.

नीला : (फोनवर) हॅलो, अनिमेष? हो, आई. नाही, जेवण व्हायचंय अजून. दामाजीकाका आलेत. बाबा जागे आहेत, इथेच आहेत, माझा हात धरलाय त्यांनी. ऐक. ते डिसेंबरचं तिकीट राहू दे. अलीकडचं बघ. उद्याचं, परवाचं, मिळेल ते. नाही रे, सुधारत नाहीये. मी खोटं सांगत होते तुला. त्यांना पण खोटंच सांगत होते. बाबा जाताहेत, अनिमेष. डॉक्टर काल दोन-तीन आठवडे म्हणाले. तू तीन धरू नकोस, बाळा. दोन धर.